फियाट: घाटाखालून घाटावर

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, "तू आयटीतली आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर सध्या सगळेच बोलतात, ज्यांना काही माहीत नाही ते जरा जास्तच बोलतात. त्यापेक्षा मी ४१ वर्षांच्या एका गाडीवर बोलते. पलीकडे दोन मिनिटं शांतता. मग विचारलं, "चालू आहे का गाडी?" मी म्हटलं, "नाही." तरी त्यांनी मला वीस मिनिटं दिली, याबद्दल त्यांचे आभार.

तीन महिन्यांपूर्वी मी खामगावहून एक प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. नोंदणी १९८४ ची. एका कापूस व्यापारी कुटुंबाची. २००६ पासून जिनिंगच्या गोदामात उभी होती. किंमत ७० हजार रुपये. एवढ्या पैशांत चालती मारुती मिळाली असती, हे मला आतापर्यंत साधारण चाळीस जणांनी सांगितलं आहे. त्यातले सहा जण आज समोर बसले आहेत.

आधी नावाचा घोळ मिटवते. आपण सगळे तिला 'फियाट' म्हणतो. नाव इटलीचं, पण गाडी आपल्या मुंबईतल्या कुर्ल्याची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. हे गृहस्थ जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींच्या मागे लागलेले होते. बंगळूरचा विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणमची जहाजगोदी यांची सुरुवातही त्यांचीच. कुर्ल्याला आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात. नंतर फियाटशी करार झाला आणि १९५० च्या दशकात फियाट ११०० आली. तिच्या पहिल्या गोल पाठीच्या अवताराला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' असं प्रेमळ नाव दिलं. १९६४ साली नवं रूप आलं. १९७० च्या दशकात तीच गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग चितोडच्या राणीच्या नावावरून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. कागदावर पद्मिनी, तोंडात फियाट, हे शेवटपर्यंत तसंच राहिलं.

या गाडीची एक गोष्ट आपल्याला पाठ्यपुस्तकात असायला हवी होती. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १२ हजारांची फियाट घेतली. खात्यात तेवढे पैसे नव्हते, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून ५ हजारांचं कर्ज काढलं. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला ते गेले. राहिलेलं कर्ज ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आजही दिल्लीच्या शास्त्री स्मारकात आहे. आणि ज्या रस्त्यावर कुर्ल्याचा तो कारखाना होता, त्या रस्त्याचं नाव आज लालबहादूर शास्त्री मार्ग आहे.

माझी गाडी १९८४ ची म्हणजे बरोबर उतरणीच्या तोंडावरची. १९८३ च्या डिसेंबरमध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि फियाटचे दिवस भरले. तरी ती २००० च्या आसपासपर्यंत तयार होत होती. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला शेवटपर्यंत सोडलं नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर काळीपिवळी पद्मिनी दिसत नाही. ते वाचल्यावर मी आमच्या भागात शोध सुरू केला.

मला भेटलेली गाडी घाटाखालची आणि आपण पडलो घाटावरचे. तेव्हा तिला टेम्पोवर चढवून बोथ्याच्या जंगलातून वर आणलं. आता ती आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे, आणि माझ्या आईचं धुणं वाळत घालण्याची जागा गेली आहे.

आता मुद्द्यावर येते. जुनी गाडी घेऊन कामाला सुरुवात कशी करायची, हे गेल्या तीन महिन्यांत मी ज्या क्रमानं शिकले त्याच क्रमानं सांगते. तुमच्यापैकी कुणाच्या गोठ्यात, वाड्यात अशी गाडी, राजदूत किंवा लॅम्ब्रेटा पडून असेल, तर उपयोगी पडेल.

पहिलं काम पान्याचं नाही, कागदाचं. गाडी ज्यांच्या नावावर होती ते काका वारले आहेत. मालक वारलेला असेल तर नेहमीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म चालत नाहीत. आधी ३१ नंबरच्या फॉर्मवर गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. वारस तिघं होते. एक खामगावला, एक नागपूरला आणि एक परदेशात. मी पैसे देण्याआधी तिघांच्या सह्या आणि प्रतिज्ञापत्रं मागितली. त्यासाठी दीड महिना थांबले. थांबण्याचं कारण साधं आहे. लोखंड दुरुस्त करता येतं, सही दुरुस्त करता येत नाही. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर मी स्वतः टॉर्च मारून, कागद ठेवून पेन्सिल घासून उतरवून घेतले आणि आरसी बुकाशी ताडून पाहिले. दोन्ही जुळले. तिथं नंबर जुळला नसता तर ती गाडी मी फुकटातही घेतली नसती.

दुसरं काम म्हणजे काहीच न करणं. हे सगळ्यात अवघड. गाडी दारात आली की प्रत्येकाला एकच वाटतं, "बॅटरी लाव, पाहू चालू होते का." वीस वर्षं उभ्या गाडीला असं करणं म्हणजे वीस वर्षं झोपलेल्या माणसाला उठवून शर्यतीत पळवणं. सिलिंडरच्या भिंतींना गंज धरलेला असतो, तिथं पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. सेल्फ मारला तर रिंग तुटते आणि भिंतीवर ओरखडा पडतो. पेट्रोलच्या टाकीत तळाला वार्निशसारखा चिकट गाळ असतो, तो थेट कार्बुरेटरमध्ये जातो. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, बॅटरी जोडली की ठिणगी. आमच्या गाडीत मागच्या सीटखाली उंदरांनी सरकीसकट कापूस भरून चांगलं दोन खोल्यांचं घर केलं होतं. त्यावर ठिणगी पडली असती तर आज मी दुसऱ्या विषयावर बोलत असते.

म्हणून पहिले चार दिवस मी फक्त फोटो काढले. धूळ पुसण्याआधीचे. कोणती वायर कुठून कुठं जाते, कोणत्या नटाखाली वॉशर आहे, बिजागरीचा कोणता स्क्रू वरचा. मग सुटा होईल तो प्रत्येक नट-बोल्ट किराणा दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीचा नंबर वहीत. आमचे बाबा हे पाहून हसले. बाबांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. एसटीच्या इथल्या विभागीय कार्यशाळेतून ते मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. ते म्हणाले, "आम्ही आख्खी बस खोलून जोडत होतो, एक चिठ्ठी लिवली नाही." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही रोज खोलत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा खोलते आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच चष्मा लावून चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तिसरं, तपासणी. आणि इथं मला एक गोष्ट कळली जी बऱ्याच लोकांना माहीत नसते. आपण गाडी म्हटलं की इंजिन पाहतो. पण पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. खालचा फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या, खांब आणि छत मिळून एक पेटी असते. तीच गाडीचा सांगाडा. इंजिन बिघडलं तर बदलता येतं. पण दाराखालच्या पट्ट्या आतून गंजल्या तर गाडी मधूनच वाकते. कसं ओळखायचं? दार उघडून पाहायचं. दार लावताना वर उचलावं लागत असेल तर बिजागरी झिजली असेल, नाहीतर गाडी बसलेली असेल. लोहचुंबक फिरवायचा. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोअर ठोकत जायचं. चांगला पत्रा टणक बोलतो. गंजलेला पत्रा ओल्या पुठ्ठ्यासारखा बोलतो.

आपल्या भागाची हवा कोरडी आहे, समुद्र लांब आहे, त्याचा फायदा मिळाला. मुंबईची गाडी असती तर खालून चाळणी झाली असती. आमच्या गाडीच्या दाराखालच्या पट्ट्या शाबूत निघाल्या. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा मात्र ताटाएवढा गेला आहे, कारण गोदामाचं छप्पर नेमकं तिथंच गळत होतं. मागच्या पाट्यांच्या खुंटीजवळही गंज आहे. ते कापून नवा पत्रा वेल्डिंग करावा लागेल. त्याला घाई चालणार नाही, कारण तिथं गाडीचं वजन तोललं जातं.

चौथं, इंजिन. १०८९ सीसी, चार सिलिंडर. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. माझ्यातली इंजिनिअर सुखावली ती इथं. नट-बोल्ट सगळे मिलिमीटरचे. मूळ इटलीचं, म्हणून मेट्रिक. अँबॅसिडर मूळची इंग्रजांची, तिला इंची पाने लागत. त्यामुळे घरातल्या पान्यांच्या पेटीवर आमचं बरंचसं भागलं.

चारही प्लग काढले. प्रत्येक भोकातून थोडं थोडं ऑइल आत सोडलं आणि झाकून ठेवलं. चार दिवस रोज थोडं ऑइल आणि रोज पुढच्या हँडलवर हलकासा जोर. फक्त हाताचा, पायाचा नाही. या गाडीला बंपरमधून हँडल घालून इंजिन फिरवायची सोय आहे. पाचव्या दिवशी हँडल हललं. अर्धा फेरा. मग मागं, मग पुढं. इंजिन जाम नाही एवढं कळलं. ते चालू होईल की नाही, हे अजून माहीत नाही. बाबा त्या दिवशी संध्याकाळी अर्धा किलो जिलेबी घेऊन आले.

पाचवं, कामाचा क्रम. इथं बाबांचं आणि माझं भांडण झालं आणि बाबा जिंकले. मला वाटत होतं आधी इंजिन चालू करू, हुरूप येईल. बाबांनी एका वाक्यात विषय संपवला, "गाडी निघाली नाही तं चालते, थांबली नाही तं नाही चालत." म्हणून आधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यानं आतले सिलिंडर गंजतात, रबरी वायसर फुगतात. सगळं काढायचं, साफ करायचं, रबर नवं टाकायचं, धातूच्या नळ्याही नव्या.

मग पेट्रोलची वाट. हा मुद्दा नीट ऐका, कारण तुमच्या जुन्या स्कूटरलाही तो लागू आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ही गाडी बनली तेव्हा तो विचारच नव्हता. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, टाकीतला जुना गाळ सुटा करतं आणि पाणी धरून ठेवतं. म्हणून टाकी आतून धुवायची, सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घालायचे, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरच्या गॅसकेटी बदलायच्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवायची नाही. तिसरी वायरिंग. उंदरांनी अर्धी खाल्ली आहेच, उरलेली अर्धी मी ठेवणार नाही. आणि इंजिन या सगळ्यांनंतर.

सहावं, सामान. लोक विचारतात, स्पेअर मिळतात का? मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजारात टॅक्सींच्या कृपेनं अजून पुष्कळ माल आहे. पण टॅक्सी गेल्या, आता नवा माल बनवणार कोण? जो आहे तो संपत जाणार. बंपर आणि जाळी सापडते. दाराचं रबर, हातात धरायचा मूळ गिअरचा दांडा, मीटरची काच या गोष्टी लवकर सापडत नाहीत.

गिअरवरून आठवलं. या गाडीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर असतो, हे आपल्या मुलांना सांगून पटत नाही. हात वर-खाली, पुढं-मागं. तिथून दांड्या-कड्यांची एक साखळी खाली गिअरबॉक्सपर्यंत जाते. त्या कड्यांमधले बुश झिजले की गिअर मधेच अडकतो. मग ड्रायव्हर खाली उतरून बॉनेट उघडणार, हातानं दांडी सारणार, परत येऊन बसणार. आपल्या लहानपणी रस्त्यात हे दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ती साखळी नीट जुळवणं हे पुस्तकात वाचून जमत नाही. आणि आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळं बोलते आहे त्या गोष्टीकडे येते.

ही साखळी जुळवता येणारा माणूस मी शोधत होते. बुलढाण्यात विचारलं, चिखलीला विचारलं, मलकापूरला विचारलं. सगळ्यांनी एकच पत्ता दिला. इथलेच एक चाचा आहेत, वय ७४. चौदाव्या वर्षी गॅरेजात लागले. जिल्ह्यातल्या डॉक्टर-वकिलांच्या निम्म्या फियाट त्यांच्या हातून गेल्या आहेत. नाव घ्यायचं नाही असं त्यांनीच बजावलं आहे, "नायतर लोकं स्कूटर घेऊन येतील." ते आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, हात आत घातला आणि न पाहता तीन ठिकाणी बोट ठेवलं. "हे, हे, आन् हे. बाकी ठीक हाय. गाडी मेली नाही बेटा, झोपून राह्यली." मी नंतर तिन्ही ठिकाणं खोलून पाहिली. तिन्ही ठिकाणी बुश झिजलेले होते.

एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. हात थोडा थरथरतो, पाना हातात आला की थांबतो. त्यांच्या गॅरेजची जागा विकली गेली आहे. जूनमध्ये ते मुलाकडे सुरतेला राहायला जाणार. म्हणजे माझ्याकडे सहा महिने आहेत. गाडीला वेळ आहे, ती आणखी वीस वर्षं उभी राहील. चाचांकडे वेळ नाही.

माझं पुण्यातलं काम तुम्हाला फार लोकांना माहीत नाही. मी नवे अॅप बनवत नाही. मी बँकांच्या वीस-पंचवीस वर्षं जुन्या प्रणाली चालत्या ठेवते. शेगावला इंजिनिअरिंग केलं तेव्हा वाटलं होतं, आपण नवं काहीतरी घडवू. प्रत्यक्षात माझी निम्मी नोकरी हे शोधण्यात गेली की ही ओळ कुणी लिहिली, का लिहिली, आणि काढली तर काय पडेल. लिहिणारा निवृत्त झालेला असतो. कागद कुठंच नसतो. मग आम्ही दहा जण मिळून महिनाभर जे शोधतो, ते तो माणूस चहा पिता पिता सांगू शकला असता. त्यामुळे जाणारा माणूस दिसला की मी वही काढते. सवय झाली आहे.

चाचांबरोबर मी तेच करते. महिन्यातून दोन शनिवार-रविवार मी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येते. ते काम करतात, मी विचारते, मोबाइल आवाज टिपतो, रविवारी रात्री मी लिहून काढते. पण त्यांचं निम्मं काम शब्दात येत नाही. कार्बुरेटर लावताना ते डोळे मिटतात. मी विचारलं, "चाचा, काय ऐकता?" म्हणाले, "ऐकत नाही, मोजतो." काय मोजता, हे त्यांना सांगता आलं नाही. हे वहीत कसं लिहू? हे त्यांच्या शेजारी उभं राहून, शंभर वेळा चुकीचं लावून, शंभर वेळा शिव्या खाऊनच येतं. आणि माझं वय ४५, राहणं पुण्यात. शिकायला मी योग्य विद्यार्थी नाही.

हे फक्त चाचांचं नाही. या गाडीच्या निमित्तानं मी जिल्हाभर फिरले. पितळी रेडिएटरला डाख देणारा एक माणूस सापडला, त्याच्याकडे आता कुणी येत नाही, कारण नव्या गाड्यांचे रेडिएटर प्लॅस्टिक-अॅल्युमिनियमचे, फुटले की फेकायचे. एका लेथवाल्याकडे मी बुश बनवून घ्यायला गेले. त्यानं माझ्या मागं पाहत विचारलं, "साहेब कुठं आहेत?" मी म्हटलं, "साहेब कुणी नाही, माप मी आणलं आहे." माप पाहून तो म्हणाला, "मॅडम, दशांशात माप घेऊन येणारं गिऱ्हाईक दहा वर्षांनी पाहिलं." बुश एका बैठकीत बनवून दिला आणि पैसे घ्यायला तयार होईना. त्याचा मुलगा कुरिअर कंपनीत आहे. यात कुणाची चूक नाही. पोट जिकडे भरतं तिकडे माणूस जातो. आपणही तेच केलं. आपल्या तुकडीतले किती जण आज बुलढाण्यात आहेत, हात वर करा. पाहिलंत? आणि त्यात हातात हत्यार धरणारे किती? चार. दहावीत या चौघांचे मार्क कुणी विचारले नव्हते. त्यांतल्या एकाच्या वेल्डिंगवर मी माझ्या गाडीचा फ्लोअर सोपवते आहे. म्हणजे माझा जीवच सोपवते आहे असं समजा.

आता लोक म्हणतात, एवढा त्रास कशाला, जुनं इंजिन काढ, मारुतीचं टाक, एसी बसव, मस्त लग्नाला भाड्यानं दे. मागच्या महिन्यात एक गृहस्थ खरंच आले होते, मी दिले त्याच्या दुप्पट पैसे द्यायला तयार होते, आणि त्यांचा बेत हाच होता. मी नाही म्हटलं. कारण भावनेचं आहेच, पण हिशेबाचंही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. माझ्या गाडीला २०३४ साली ५० वर्षं होतील. आज इंजिन बदललं तर तो रस्ता बंद. तोपर्यंत साध्या नियमांनी चालायचं. खाजगी पेट्रोल गाडीला आपल्याकडे वयाची बंदी नाही, प्रकृती पाहतात. गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, फिटनेस मिळवायची, पर्यावरण कर भरायचा. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५,००० झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये आणखी वाढली. म्हणजे हौस स्वस्त नाही. पण फिटनेससाठी गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या ब्रेकनं उभी राहायला हवी. माझं पहिलं उद्दिष्ट तेवढंच आहे. चकचकीत रंग, नवी सीट, सगळं नंतर.

आता माझं मागणं. भाषणाच्या शेवटी मागणं असतंच, ते तुम्ही ओळखलं असेल.

आपल्या वेळी शाळेत कार्यानुभवाचा तास होता. आपण त्यात खडू आणि उदबत्त्या केल्या. त्या खोलीचं कुलूप आता वर्षातून एकदा उघडतं असं सरांकडून कळलं. माझी विनंती आहे की नववीतली पाच-सहा मुलं-मुली, मुली आवर्जून, जानेवारीपासून जूनपर्यंत दर शनिवारी दुपारी आमच्या शेडमध्ये यावीत. चाचा शिकवतील. मी त्यांना विचारलं आहे. त्यांच्या दोन अटी आहेत. मोबाइल बाहेर ठेवायचा, आणि हात काळे झाले म्हणून तोंड वाकडं करायचं नाही. मी नसेन त्या शनिवारी बाबा असतील. पाने, हातमोजे, चष्मे यांचा खर्च माझा. सुरक्षेची जबाबदारी आपल्या वेल्डिंगवाल्या मित्रानं घेतली आहे, आग विझवायचं सिलिंडर त्यानं कालच आणून ठेवलं. मुलं फियाट मेकॅनिक होणार नाहीत हे मला माहीत आहे. पण बिघडलेली वस्तू समोर ठेवून, आधी पाहणं, मग नोंद करणं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणं, एवढं जरी ती शिकली, तरी पुढे इंजिनिअरिंगला गेली तर माझ्या चार वर्षांतलं एक वर्ष त्यांचं वाचेल. आणि गेली नाहीत तरी हात शिकलेला असेल.

दुसरं मागणं. तुमच्या घरी, काकांच्या गोदामात, सासरच्या वाड्यात फियाटचं जे काही पडलं असेल, जाळी, टोपी, जॅक, मीटर, मालकाला मिळालेली पुस्तिका, ते भंगारात देण्याआधी मला एक फोन करा. भंगाराच्या भावापेक्षा जास्त देईन.

आणि तिसरं. चाचांसारखं कुणी तुमच्या ओळखीत असेल, कुठल्याही धंद्यातलं, तर त्यांच्याजवळ एकदा वही घेऊन बसा. उद्यावर टाकू नका.

सर, मॅडम, आपण आम्हाला शिकवलंत तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं वय आज आमचं आहे त्याहून कमी होतं. आम्ही शंभर वेळा चुकलो तरी तुम्ही शेजारी उभे राहिलात. त्या मुलांनाही शनिवारी दुपारी तेवढंच हवं आहे. मुख्याध्यापकांची परवानगी आज मिळाली, तर पहिला वर्ग जानेवारीच्या पहिल्या शनिवारी, दुपारी दोन वाजता. शिकायचं काम, पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक.